हात बसायचं वर्ष

जनरल सर्जरीचं एमएस तीन वर्षांचं असतं. पहिल्या वर्षी रेसिडेंट, म्हणजे शिकणारा निवासी डॉक्टर, वॉर्ड सांभाळतो, तिसऱ्या वर्षी ऑपरेशनं करतो, आणि दुसऱ्या वर्षात त्याचा हात बसतो. अभ्यासक्रमात हे अशा शब्दांत सापडणार नाही, पण सर्जरी शिकवणारं कुणीही हेच सांगेल. ज्या मुलीबद्दल मी लिहितो आहे तिचं दुसरं वर्ष मे २०२० मध्ये सुरू झालं आणि मे २०२१ मध्ये संपलं.

कोल्हापुरातल्या एका शिक्षण-रुग्णालयात मी तेव्हा एक युनिट सांभाळत होतो. तिचं नाव देत नाही, रुग्णालयाचंही देत नाही. तिच्या परवानगीने लिहितो आहे. मसुदा वाचून तिने दोन ठिकाणी माझी आठवण दुरुस्त केली, ती दुरुस्ती तशीच ठेवली आहे.

पहिलं वर्ष तसं नेहमीसारखं गेलं. रक्ताचे नमुने, ड्रेसिंग, डिस्चार्ज कार्ड, रात्रीची कॅज्युअल्टी, गळवं फोडणं, टाके घालणं. ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ वर. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला आणि ती पाच दिवस हॉस्टेलवर न जाता वॉर्डातच राहिली. मुलगी कामाची आहे, हे मला त्या आठवड्यात कळलं. पुढच्या मेपासून तिला हर्नियाला उभं करायचं, असं मी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं.

हर्नियाच का, हे थोडं सांगायला हवं. जांघेतला हर्निया, हायड्रोसिल, अपेंडिक्स, चरबीची गाठ, मूळव्याध ही आमच्या धंद्यातली लहान ऑपरेशनं. बाहेरच्याला वाटतं, यात काय एवढं. पण हर्नियाच्या त्या चार इंची जागेत सगळं असतं. वरचं पांढरं पटल उघडायचं आणि त्याखालची बारीक नस ओळखून बाजूला ठेवायची, कारण ती टाक्यात सापडली तर माणूस वर्षानुवर्षं जांघ धरून बसतो. मग शुक्ररज्जू उचलायचा, त्याला चिकटलेली पिशवी सोडवायची, जाळी बसवायची आणि तिचा पहिला टाका जांघेच्या हाडाच्या उंचवट्यावर पक्का घ्यायचा. तो ढिला राहिला तर हर्निया तिथूनच परत येतो. खाली बोटभर अंतरावर मांडीची मोठी शीर असते. सुई किती खोल न्यायची, हे पुस्तकातून कळत नाही. ते मनगटाला कळावं लागतं, आणि त्यासाठी तीस-चाळीस हर्निया लागतात. समोर असा सीनियर लागतो जो हात मागे घेऊन उभा राहील आणि गरज पडली तरच पुढे येईल.

यादी बंद झाली

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर लॉकडाऊन. ठरवून करायच्या सगळ्या शस्त्रक्रिया थांबल्या. आमचे दोन सर्जिकल वॉर्ड करोनासाठी गेले. भूलतज्ज्ञ आणि त्यांची यंत्रं आयसीयूकडे वळली, आणि सर्जरी, अस्थिरोग, कान-नाक-घसा या सगळ्या विभागांचे रेसिडेंट करोना वॉर्डाच्या पाळ्यांत लागले. आठवडाभर ड्यूटी, मग विलगीकरण, मग पुन्हा ड्यूटी.

अपघात कमी झाले कारण रस्तेच रिकामे होते. उरल्या त्या खऱ्या इमर्जन्सी, म्हणजे फुटलेलं आतडं, अडकलेलं आतडं, पोटाला मार. त्यासाठी आम्ही नियम केला की ओटीत कमीत कमी माणसं राहतील आणि सगळ्यात अनुभवी हात ऑपरेशन करील, म्हणजे ते लवकर आटपेल. दुर्बिणीची ऑपरेशनं बंद केली, कारण पोटात भरलेल्या वायूबरोबर आणि धुराबरोबर विषाणू हवेत येईल अशी भीती तेव्हा जगभर होती. साध्या अपेंडिक्सला प्रतिजैविकं देऊन थांबू लागलो.

यातला एकही निर्णय चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. मे २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या आसपास करोना झालेल्या १,१२८ रुग्णांपैकी २३.८ टक्के ३० दिवसांत दगावले होते. तो आकडा वाचल्यावर हर्नियासाठी कुणाला टेबलावर घेणार? त्याच संशोधकांच्या गटाचा अंदाज होता की साथीच्या ऐन भरातल्या १२ आठवड्यांत जगभरात २ कोटी ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा पुढे जातील. भारताचा वाटा ५ लाख ८० हजारांहून जास्त. या प्रत्येक शस्त्रक्रियेत एक रुग्ण ताटकळला, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून शिकणारं एक पोर असतं, त्याचा हिशेब कुणी मांडला नाही. मीही नाही.

ती तक्रार न करता राबली. पीपीईत सहा-सहा तास राहून तिने मानेतल्या शिरेत लाइन टाकायला शिकून घेतलं, छातीत नळी घालण्यात तर ती आमच्यापेक्षा सरस झाली. मृत्यूची बातमी फोनवरून कशी सांगायची, हे मला तिच्याइतकं कधीच जमलं नाही. संध्याकाळी वेबिनार असायचे, रोज दोन-दोन. ती ते खोलीत बसून ऐकायची, वहीत आकृत्या काढायची. तिचं वाचन माझ्या त्या वयातल्या वाचनाच्या दुप्पट होतं. डिसेंबरमध्ये मी तिचं लॉगबुक, म्हणजे शस्त्रक्रियांची नोंदवही, मागितलं. मार्च ते नोव्हेंबर या पानांवर 'स्वतः केलेल्या' रकान्यात गळवं, छातीतल्या नळ्या, एका हाताच्या बोटांवरची शस्त्रक्रिया आणि दोन ट्रॅकिऑस्टॉमी (गळ्यातून श्वासनळीत नळी घालणं) होत्या. हर्नियाच्या पुढे रेघ होती.

गुळव्याचा हंगाम

फेब्रुवारी २०२० मध्ये करवीर तालुक्यातल्या एका गावचे गृहस्थ ओपीडीत आले होते. वय पंचावन्नच्या आसपास, गुऱ्हाळावर गुळव्या, म्हणजे गूळ बनवणारे. उजव्या जांघेत हर्निया, आडवं झालं की आत जाणारा. घाई नव्हती. ते म्हणाले, "हंगाम हुंदे. एप्रिलात येतो." तिनेच त्यांना एप्रिलची तारीख लिहून दिली.

आमच्या भागात ठरवून करायच्या ऑपरेशनांनाही हंगाम असतो. ऊस गेला, गुऱ्हाळं विझली, पोरांच्या परीक्षा झाल्या की एप्रिल-मेमध्ये माणसं हर्निया, हायड्रोसिल, मूळव्याध घेऊन येतात. पेरणीच्या आधी टाके सुकायला हवे असतात. त्याच दोन महिन्यांत आमचे रेसिडेंट शिकतात. २०२० चा एप्रिल-मे लॉकडाऊनने नेला. पहिली लाट ओसरल्यावर डिसेंबरपासून मार्चपर्यंत आम्ही यादी थोडी उघडली, तर ऐन हंगाम सुरू होता आणि शेतकरी फिरकला नाही. २०२१ चा एप्रिल-मे दुसऱ्या लाटेने नेला. ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. पुण्या-मुंबईच्या मित्रांना वाटायचं की चार महिने ओटी उघडी होती म्हणजे तुमचं नुकसान भरून निघालं असेल. उघड्या ओटीत रुग्णच नव्हते. त्यात मार्च २०२१ मध्ये नवा सल्ला आला, करोना होऊन गेला असेल तर शक्य तिथे सात आठवडे थांबा. तोही योग्यच होता. यादीतली आणखी काही नावं त्याने गळाली.

गुळव्या आले ते जून २०२१ मध्ये, रात्री दोन वाजता. राज्याने तेव्हा जिल्ह्यांचे पाच स्तर ठरवले होते आणि इतर ठिकाणी दुकानं उघडत असताना कोल्हापूर चौथ्या स्तरात अडकलं होतं. आदल्या दुपारपासून हर्निया आत जात नव्हता, उलट्या चालू होत्या. ती ड्यूटीवर होती. तिने निदान अचूक केलं, नाकातून नळी घातली, सलाईन चालू केलं, अँटिजेन चाचणी करवून घेतली आणि मला बोलावलं. मी येईपर्यंत भूलतज्ज्ञ उभा होता.

ऑपरेशन मी केलं. वीतभर आतडं काळं पडलं होतं. ते काढून दोन टोकं जोडली. संसर्गाच्या भीतीने जाळी बसवली नाही, त्यांच्याच ऊतींनी दुरुस्ती केली. ती समोर फर्स्ट असिस्ट होती. आतडं जोडताना एकदा तिने सुई-होल्डरकडे पाहिलं. काही बोलली नाही. माझ्या गॉगलवर वाफ धरली होती, आयसीयूत दोन रुग्ण खालावत चालले होते आणि मला लवकर बाहेर पडायचं होतं. मी सुई तिच्या हातात दिली नाही. ती तेव्हा तिसऱ्या वर्षात होती. साथ नसती तर त्या रात्री मी समोर उभा असतो आणि ती माझ्या जागी.

चौथ्या दिवशी राउंडला गुळव्यांनी तिला विचारलं, "बाई, तुमीच केलासा न्हवं आप्रेशन?"

"नाही, सरांनी. मी मदतीला होते."

"आन् ह्याआदी केलासा?"

ती गप्प राहिली. मग ते आपल्याच पोराबद्दल बोलू लागले. पोराला हाताखाली घेतलं होतं. पहिला हंगाम चुलवाणात चिपाडं सारण्यात, दुसरा काहिलीतली मळी काढण्यात. पाक कधी उतरवायचा ते पाण्यात गोळी करून बघायचं असतं, आणि ती गोळी बोटांना कळायला आणखी दोन हंगाम जातात. "घडीभर आदी उतारला तर गूळ बसत न्हाई, घडीभर उशीर झाला तर करपतोय. सांगून कळत न्हाई बाई ते. शेजारी हुबं ऱ्हावं लागतंय." दोन हंगामात माणसं कमी, गुऱ्हाळ अर्धवेळ चाललेलं, पोरगं अजून मळीवरच होतं.

त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. म्हणाली, "सर, मला डिग्री मिळेल. मला ऑपरेशन येणार नाही."

लॉगबुक नव्याने

हे वाक्य कुणीतरी बोलायला हवं होतं आणि ते आमच्यापैकी एकाही प्राध्यापकाने बोललं नव्हतं. परीक्षा पुढे गेल्या, मुदती वाढल्या. तिच्या आधीच्या बॅचची परीक्षा लांबली, पण वाढलेले महिने त्या मुलांनी करोना वॉर्डातच काढले. कॅलेंडरवर दिवस वाढले, टेबलाजवळचे नाही. ब्रिटनमध्ये २०२० साली प्रशिक्षणार्थींच्या वार्षिक मूल्यमापनात 'आउटकम १०' असा वेगळा शेरा आणला गेला. उमेदवार ठीक आहे, साथीमुळे शिकणं राहिलं आहे, त्याचा दोष नाही, असा त्याचा अर्थ. अमेरिकेच्या सर्जरी बोर्डाने त्या वर्षी ८५० शस्त्रक्रियांच्या अटीत १० टक्के सूट दिली. दोन्हींत मला पहिली वाट बरी वाटते. सूट दिल्याने हात बसत नाही. 'राहिलं आहे' असं कागदावर आलं, तर निदान ते भरून काढायची जबाबदारी कुणाची तरी होते.

आम्ही काय केलं, तर प्रथम तिचं लॉगबुक बाजूला ठेवलं. त्यात 'असिस्ट केलं' आणि 'स्वतः केलं' एवढे दोनच रकाने. मी हर्नियाचे सात टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्यापुढे तिला स्वतःच लिहायला सांगितलं: पाहिलाय, हाताखाली केलाय, कुणी न सांगता केलाय. अपेंडिक्सचे, आतडं जोडण्याचे तसेच तक्ते केले. तिने अतिशय प्रामाणिकपणे भरले. त्वचा उघडणं-बंद करणं सोडलं तर तिसरा रकाना जवळपास कोरा होता.

यादी उघडायची तयारी झाली आणि २२ जुलैनंतर पुन्हा महापूर. पुन्हा ५५ फुटांच्या वर पाणी, पुन्हा शिरोलीला रस्ता बंद. ऑगस्ट त्यातच गेला. त्या काळात आम्ही रविवारी वजडीवर, म्हणजे बोकडाच्या आतड्यावर, सरावाला बसायला सुरुवात केली. कोल्हापुरात रविवारी मटणाच्या दुकानासमोर रांग असते, त्यामुळे दुकानदाराला शनिवारीच सांगून ठेवायचं की आतडं उभं चिरू नको, अखंड दे. स्टोअरमधले मुदत संपलेले धागे घ्यायचे, आतडं कापायचं, जोडायचं, मग रंगीत पाणी भरून दाबायचं. पाणी झिरपलं की उसवून पुन्हा. पहिल्या रविवारी तिचे तिन्ही जोड गळले. पाचव्या-सहाव्या रविवारपासून गळणं थांबलं. बोकडाचं आतडं माणसाच्या आतड्याहून बारीक आणि पातळ असतं. ज्याला ते जमलं त्याचा हात हलका होतो.

दुर्बिणीसाठी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपवाल्याने ॲक्रिलिकची पेटी करून दिली, पैसे घेतले नाहीत. आत एलईडी पट्टी, वर मोबाईल अडकवायला खाच, आणि भंगारात काढलेली आमचीच जुनी हत्यारं. खुंटीवरून खुंटीवर सहा रिंगा एका हातातून दुसऱ्या हातात घेत न्यायच्या. सुरुवातीला तिला चार मिनिटं लागत, महिन्याभरात दीडवर आली. पण पेटी श्वास घेत नाही, पेटीतून रक्त येत नाही. पित्ताशयाच्या नळीभोवती सूज असली की दिसतं ते त्या पेटीत कधी दिसणार नाही. पेटीचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते तिचा उपयोग ओटीच्या दारापर्यंतच आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये तिने पहिला हर्निया स्वतः केला. मी समोर होतो. नस तिने बरोबर ओळखली, नाव घेऊन दाखवली. रज्जूपासून पिशवी सोडवायची वेळ आली आणि ती थांबली. हात कापत नव्हता, पण पुढेही सरकत नव्हता. एक पदर उचलायची, माझ्याकडे बघायची, सोडायची. तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट तासाभरात जे करतो त्याला पावणेदोन तास लागले. मध्यंतरी दोनदा माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. शिकवणाऱ्याचाही हात बिघडला होता, हे मला तेव्हा कळलं. दीड वर्ष सगळं स्वतः करायची सवय लागली होती. सिस्टर दोनदा घड्याळाकडे बघून गप्प राहिल्या, त्यांचे मी नंतर आभार मानले.

त्यानंतर एकही केस एका माणसाची राहिली नाही. एका हर्नियात ती पिशवी सोडवायची आणि दुसऱ्या वर्षाचा मुलगा जाळीचा पहिला टाका घ्यायचा, पुढच्या केसला उलट. कोणता टप्पा राहिला ते तक्त्यात बघूनच कोण कुठे उभं राहील हे ठरायचं. हाताची भीती गेली ती आठव्या-नवव्या हर्नियाला.

एक नुकसान मात्र कशानेच भरलं नाही. तिला ज्युनियरच नव्हता. नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा १८ एप्रिल २०२१ ला व्हायची, ती पुढे गेली आणि ११ सप्टेंबरला झाली, मग आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि कौन्सेलिंग सुरू झालं १२ जानेवारी २०२२ ला. एरवी मे-जूनमध्ये येणारी पहिल्या वर्षाची मुलं त्या वर्षी आलीच नाहीत. म्हणजे तिसऱ्या वर्षातही रक्ताचे नमुने तीच काढायची, डिस्चार्ज कार्ड तीच लिहायची आणि त्या वेळात ओटीत मी दुसऱ्या वर्षाच्या मुलाला घेऊन उभा असायचो. त्याहून वाईट म्हणजे तिला शिकवायला कुणी मिळालं नाही. ज्युनियरकडून हर्निया करवून घेताना आपण तो दुसऱ्यांदा शिकतो, आणि ते शिकणं जास्त खोल असतं. नवी मुलं आली तेव्हा तिची परीक्षा तोंडावर होती.

२०२२ मध्ये ती पास झाली, चांगल्या गुणांनी. तिचा तक्ता मी तिच्याबरोबर दिला. दुर्बिणीच्या पानावर तिसरा रकाना तेव्हाही रिकामाच होता. ती म्हणाली, बंधपत्राचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष झालं की एखाद्या ठिकाणी वर्षभर फक्त तेच शिकेन. मी तीन जागी पत्रं लिहिली.

बंधपत्रावर ती एका उपजिल्हा रुग्णालयात होती. पावसाळ्यात एका रात्री एक वाजता तिचा फोन आला, स्पीकरवर, मागे मॉनिटरचा आवाज.

"सर, अडकलेला हर्निया आहे. आवळलेली कडा सोडवलीय. वीतभर आतडं जांभळं आहे, काळं नाही. गरम सलाईनच्या मॉपमध्ये गुंडाळून ठेवलंय."

"किती मिनिटं झाली?"

"चार."

"भूलतज्ज्ञांना शंभर टक्के ऑक्सिजन द्यायला सांग. दहा होऊ दे. तोवर उघडून बघू नकोस."

आम्ही दोघंही गप्प राहिलो. मी अंथरुणात उठून बसलो होतो आणि डोक्यात वीतभर आतडं काढायची तयारी करत होतो: कुठला धागा, तिथे रक्त आहे का, गरज पडली तर कोल्हापूरला हलवायला ॲम्ब्युलन्स आहे का. दहा मिनिटं झाल्यावर मॉप काढल्याचं ऐकू आलं.

"रंग आलाय. एक पट्टा थोडा निळसर आहे अजून." थोडा वेळ काहीच नाही. मग, "आतड्याच्या पडद्यात ठोका लागतोय बोटाला. हलतंयसुद्धा. आत घालते, सर."

मी 'बरं' म्हणायच्या आत तिने सिस्टरला जाळी मागितली होती, आणि फोन बंद झाला होता.